नावाची चौकट

नकाशाच्या कागदावर उजव्या हाताला खाली एक चौकट असते. इमारत कुणाची, प्लॉट कुठला, तारीख काय, हे सगळं त्यात असतं. आणि एका कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, ड्रॉइंग कुणी काढलं त्याची आद्याक्षरं. मालक ती कधी वाचत नाही, कंत्राटदार तर नाहीच नाही. ती वाचणारं माणूस जगात एकच, ज्याची ती असतात ते. शारजात रोल्ला भागात, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लियाकत परकारांचं ड्रॉइंग ऑफिस होतं. तिथं बसणारी हेमा तर प्रत्येक प्रिंटवर ती दोन अक्षरं हटकून वाचायची. एच. पी. हेमा प्रल्हाद. वाचून झालं की कागदाची गुंडाळी करायची आणि वर रबर लावायचं.

यात गैर काही नव्हतं, अक्षरं खरी असती तर.

हेमा सोलापूरची, तिथल्याच पॉलिटेक्निकातून सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. लग्न झालं आणि नवऱ्याच्या व्हिसावर ती इकडे आली. प्रल्हाद दुबईच्या एका शिपिंग कंपनीत, घर अल मजाजला तळ्यासमोरच्या टॉवरमध्ये, मुलगी अस्मी इंग्रजी शाळेत. सुख म्हणतात ते सगळं होतं, आणि त्या सुखात हेमा आठ वर्षं नुसती घरी बसली होती. अठ्ठ्याण्णव साली लियाकतभाईंनी तिला कामावर घेतलं तेव्हा तिला कॉम्प्युटरवर साधी रेघ मारता येत नव्हती. तीही त्यांनीच शिकवली. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले, पाची वेळा नमाज पढणारे आणि मधल्या वेळात कंत्राटदारांना मनसोक्त शिव्या घालणारे गृहस्थ. "आपल्या साइडची माणसं कामात लबाडी करत नाहीत," हे त्यांचं ठाम मत होतं. त्या मताला आधार काय, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला एक नियम सांगितला होता. "हेमाताई, बाकी काही विसरलात तर चालेल. पण इकडं घर काढताना कमोडवर बसणाऱ्याचं तोंड किब्ल्याकडे नको आणि पाठ पण नको. जिकडं तोंड करून नमाज पढतात ती दिशा. इथून ती पश्चिमेला. मालक बोलून दाखवणार नाही, तो धरूनच चालतो की तुम्हाला माहीत आहे." हेमानं ते लिहून घेतलं नाही, गरजच नव्हती. विसरण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

दोन वर्षं छोटी कामं चालली. दुकानांचे माळे, गोदामं, सोनाराच्या दुकानातलं फर्निचर. मग दोन हजार साली एका मोठ्या कन्सल्टंटनं लियाकतभाईंकडे बंगल्यांची ड्रॉइंगं द्यायला सुरुवात केली. इकडे बंगल्याला व्हिला म्हणतात. लियाकतभाई टेबलापाशी यायचे आणि विचारायचे, "होईल ना हो?" आणि हेमा म्हणायची, "होईल की."

हे 'होईल की' तिच्या तोंडात बसलं होतं. नाही म्हटलं तर लियाकतभाई दुसरा माणूस ठेवतील आणि आपण पुन्हा अल मजाजच्या खिडकीत तळं बघत बसू, ही भीती त्याच्यामागे होती. पण होत नव्हतं. कागद साठत चालले. आणि त्याच सुमारास प्रल्हादनं घरात इंटरनेट घेतलं. फोनच्याच तारेवरचं, लावताना कर्कश किंचाळणारं. ते लावलं की फोन बंद, आणि फोन उचलला की ते बंद. तेव्हा हेमाला कावेरी आठवली.

कावेरी आणि ती पॉलिटेक्निकात एका बाकावर होत्या. खरं सांगायचं तर हेमाचा डिप्लोमा अर्धा कावेरीच्या जिवावर झाला होता. तेव्हा मुलं याला जीटी म्हणत, ग्लास ट्रेसिंग. काचेवर हुशार मुलीची शीट ठेवायची, तिच्यावर आपला कोरा कागद, काचेखाली बल्ब लावायचा आणि खालून दिसणारी रेघ न् रेघ गिरवायची. हुशार मुलगी कायम कावेरी असायची. पुढे कावेरीचं गावातच लग्न झालं, गुणवंत म्हेत्रे नावाच्या शाळामास्तराशी. नोकरी तिला कुणी दिली नाही आणि सासरी कुणी करूही दिली नसती. पण नवरा भला. त्यानं एक जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला होता आणि त्यावर कावेरी आपली आपण ड्रॉइंग शिकली होती. कुणासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं.

हेमानं पहिल्यांदा एकच ड्रॉइंग पाठवलं. कच्चं स्केच आणि मापं. कावेरीनं ते काढलं, गुणवंतनं फ्लॉपी खिशात घालून सायकल मारत सात रस्ता चौकातला सायबर कॅफे गाठला, आणि तिसऱ्या दिवशी शारजात हेमाच्या पडद्यावर अख्खं घर उघडलं. इतकं नीटस की हेमा बघतच राहिली. नावाची जागा कावेरीनं कोरी ठेवली होती. हेमानं तिथं एच. पी. टाकलं. तेव्हा तिला काही वाटलं नाही. एकाच ड्रॉइंगची तर गोष्ट होती.

मग ते सुरूच राहिलं. "दोनशे दिरहम एका व्हिलाचे, म्हणजे जवळजवळ अडीच हजार रुपये," हेमानं फोनवर हिशोब करून सांगितलं तेव्हा कावेरीला ते इतके वाटले की ती घेईचना. पैशाचं कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण ऑफिसात कौतुक व्हायला लागलं. कन्सल्टंटचा इंजिनिअर फोन करून म्हणाला, तुमची ती लेडी एकदम क्लीन काम करते. लियाकतभाईंनी खूश होऊन तिला व्हिजिटिंग कार्ड छापून दिलं, हेमा प्रल्हाद, सीनियर ड्राफ्ट्समन. बाईसाठी वेगळा शब्द छापखान्याकडे नव्हता. प्रल्हाद ते कार्ड मराठी मंडळाच्या गणपतीत चारचौघांना दाखवायचा आणि हेमा "असू दे हो" म्हणायची. ते कार्ड त्याच्या हातातून काढून मात्र ती कधी घ्यायची नाही.

सांगून टाकावं असं तिला वाटायचं. दर महिन्याला वाटायचं. पण पहिल्या महिन्यात जे दोन वाक्यांत सांगून झालं असतं, त्याला सहाव्या महिन्यात तोंड काढायला जागा राहिली नव्हती. आणि लियाकतभाईंनी तर तिची ड्रॉइंगं तपासायचंच सोडलं होतं. "हेमाताईंचं आहे ना, मग काय बघायचं," असं म्हणून ते सही करायचे. तपासणाऱ्याची चौकट शेजारीच असते. दोन्ही चौकटी एका वेळी खोट्या होत होत्या.

अशात सात बाथरूमचा एक व्हिला आला. शारजाच्या बाहेरच्या अंगाला, तिरक्या रस्त्यावरचा प्लॉट, मोठं एकत्र कुटुंब. कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं असतं. एका थरावर भिंती, एकावर नळ, एकावर प्लॉट आणि दिशा दाखवणारा बाण. या फाइलचं ओझं इतकं झालं की घरचं इंटरनेट ती ओढता ओढता दोनदा तुटलं. एकदा आपोआप, एकदा अस्मीनं मैत्रिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलला म्हणून. हेमा वैतागली. तिनं प्लॉटचा थरच काढून टाकला. फाइल हलकी झाली आणि झरकन गेली. थराबरोबर बाणही गेला, हे तिला कळलं नव्हतं असं नाही. घराचं चित्र कागदावर नीट बसावं म्हणून ते आडवं फिरवलेलं आहे, हेही तिला माहीत होतं. घाईत डोक्यातून निघून गेलं एवढंच.

शुक्रवारी सुट्टी. मंडळातली अनुराधा आणि तिचा नवरा जेवायला यायचे होते. श्रीखंड फेटून झालं होतं, पुऱ्यांचं पीठ मळायचं होतं, आणि दोन मिनिटं मिळाली म्हणून हेमानं नेट लावलं. कावेरीची मेल आलेली. मराठीच, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. 'हेमे, या घरावर नॉर्थचा बाण दिसेना. उत्तर कुठं धरू? बाथरूम बसवायचेत. तुझा तो पश्चिमेचा नियम ध्यानात आहे. आमच्याकडचे वास्तुवाले पण उत्तर-दक्षिणच सांगतात, म्हणून सोपं पडतं.'

"अगं, ते नेट काढ आधी," प्रल्हाद दारातून ओरडला. "ती माणसं खाली पार्किंग शोधत फोन लावत असतील, इकडं एंगेज लागतोय."

हेमानं टाइप केलं, 'वर धर. नेहमीसारखंच.' आणि तार काढली. पुऱ्या छान फुगल्या त्या दिवशी. अनुराधानं नावाजल्या.

तीन महिन्यांनी एका दुपारी लियाकतभाई साइटवरून आले ते थेट हेमाच्या टेबलापाशी. शिव्या नाहीत, आवाज नाही. हातातली गुंडाळी त्यांनी तिच्यासमोर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या.

"उत्तर दाखवा," ते म्हणाले.

हेमानं कागदाच्या वरच्या कडेकडे बोट नेलं आणि ते तिथंच अडलं. तिला शुक्रवार आठवला. श्रीखंड, तार, सगळं.

"नॉर्थ इकडे आहे," लियाकतभाईंनी उजव्या कडेवर हात ठेवला. "म्हणजे वर काय? पश्चिम. सातच्या सात कमोड किब्ल्याकडे तोंड करून. पाइप टाकून झालेत, फरशीखाली गेलेत. मालकाची आई आली होती साइट बघायला. त्या म्हातारीनं नुसतं उभं राहून बघितलं आणि मला विचारलं, तू मुस्लिम आहेस ना. मला जमीन दुभंगावी असं झालं, हेमाताई. माझी सही आहे त्याच्यावर. ऑल फ्लोअर्स तोडावे लागणार."

हेमाच्या पाचावर धारण बसली. नोकरी गेली, कार्ड गेलं, मंडळात तोंड दाखवायची सोय गेली, हे सगळं एका क्षणात तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि तिच्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं ते बाहेर पडेपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं.

"ते मी नाही काढलं. कावेरीनं काढलंय."

वर्षभरात त्या ऑफिसात कावेरीचं नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते असं. हेमाला ते ऐकू आलं, आणि आपलाच आवाज कुणा दुसऱ्या बाईचा, एखाद्या नको असलेल्या बाईचा असावा तसा वाटला. पण तोंडातून गेलेलं गेलं. मग तिनं सगळं सांगितलं. सोलापूर, फ्लॉपी, सात रस्ता. शुक्रवारची मेल तेवढी सांगितली नाही.

लियाकतभाई खुर्ची ओढून बसले. "तो क्रीकजवळचा व्हिला?" त्यांनी विचारलं.

"तिनंच."

"ते डॉक्टरचं घर? ज्याचं इंजिनिअरनं एवढं कौतुक केलं?"

"तेपण."

"नंबर द्या त्या बाईंचा."

त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग कावेरीचा आवाज. "हॅलो, कोण?"

"कावेरीबाई, मी शारजाहून लियाकत परकार बोलतो. हेमाताई माझ्या ऑफिसात असतात."

"अय्या, साहेब तुम्ही?" कावेरी इतकी हरखली की आवाज फाटला. "हेमानं सांगितलं होय माझ्याबद्दल? मला वाटलंच होतं ती सांगणार म्हणून."

लियाकतभाईंनी हेमाकडे बघितलं नाही. ते फोनकडेच बघत राहिले. "आत्ताच सांगितलं. कावेरीबाई, तो सात बाथरूमचा व्हिला. त्यात उत्तर तुम्ही कुठं धरली?"

"वर धरली, साहेब."

"ती वर नाही. सगळे बाथरूम उलटे झाले. तोडावे लागतायत. कुणाला विचारून वर धरली?"

स्पीकरमधून नुसती खरखर येत राहिली. हेमा टेबलाची कड धरून बसली होती. आता ती सांगणार, हेमाला विचारलं होतं म्हणून. सांगायलाच पाहिजे तिनं. आणि हेमा मनातल्या मनात, देवाशपथ, प्रार्थना करत होती की तिनं सांगू नये.

"कुणाला नाही विचारलं," कावेरी म्हणाली. "नेहमी वरच असते म्हणून धरली. माझं चुकलं, साहेब."

"एक मेल टाकायची होती हो. एक लाइन."

"होय साहेब. सुचलं नाही बघा."

फोन ठेवून लियाकतभाईंनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. राग ओसरला होता, आणि त्याच्या जागी हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं होतं. "चला. बाई सरळ आहे, कबूल तरी केलं. मालकाला सांगतो, इंडियात मिस्टेक झाली. कन्सल्टंटला पण तेच. तुमचं नाव मध्ये येत नाही आणि माझं पण वाचेल. पण हे बंद, हेमाताई. सोलापूरला एक रेघ जाता कामा नये. खलास."

हेमाचा जीव भांड्यात पडला. तो पडला याचीच तिला पुढे जन्मभर लाज वाटायची होती, पण त्या क्षणी तो पडला हे खरं. तिनं "बरं" म्हटलं, पाणी प्यायली, आणि उरलेली दुपार एका गोदामाच्या जिन्याच्या पायऱ्या काढत बसली.

घरी आल्यावर मात्र तिला स्वयंपाकघरात उभं राहवेना. अस्मी कॉम्प्युटरपाशी बसली होती. "मम्मा, आय नीड द लाइन, माय प्रोजेक्ट इज ड्यू."

"थांब जरा. मला फोन करायचाय."

सोलापूरला लागलेला फोन कावेरीनंच उचलला. हेमाला नमस्कार-चमत्कार करता आला नाही. "का खोटं बोललीस?" तिनं विचारलं. "तू विचारलं होतंस मला. मीच वर धर म्हटलं."

"अगं, मला काय आठवत नाही होय? आहे की ध्यानात." कावेरी हसली, थोडंसंच. "तू समोर बसलेलीस ना त्यांच्या. तुला रोज तोंड दाखवायचंय त्यांना. मला हितं कोण बघतंय?"

वर्षभर हेमानं नेमकं हेच धरून तर सगळं केलं होतं. कावेरी दिसत नाही, म्हणून तिचं काम आपलं. कावेरी दिसत नाही, म्हणून आपली चूक तिची. ती गोष्ट कावेरीला माहीत होती आणि तिनं ती इतक्या सहज, भाजीचा भाव सांगावा तशी सांगितली होती, की हेमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब लई रागावले का गं?" कावेरी विचारत होती. "म्हणावं, या खेपेला माफ करा. पुन्हा असं नाही व्हायचं. आणि ऐक ना, ह्यांनी परवाच मोडेम आणलंय. आता फ्लॉपी घेऊन सायकलवर जायला नको, घरनंच पाठवीन. तू मोठ्या फाइली पण पाठवत जा, बाणाबिणासकट."

"हो," हेमा म्हणाली. "पाठवते."

म्हणजे ती तिच्याशीही खोटंच बोलली. फोन ठेवल्यावर अस्मीनं विचारलं, "मम्मा, हू इज शी?" हेमानं "माझी मैत्रीण" असं सांगितलं आणि मग तिला वाटलं की हा शब्द वापरायला आपल्याला कुणी परवानगी दिली.

सकाळी लियाकतभाई यायच्या आधी ती त्यांच्या केबिनच्या दाराशी उभी होती. ते आले, कुलूप काढलं, आणि ती त्यांना बसूही न देता म्हणाली, "तिनं विचारलं होतं मला. उत्तर कुठं धरू म्हणून. मी न बघता वर धर सांगितलं. बाण पण मीच काढला होता."

लियाकतभाईंच्या हातात किल्ल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. "मग काल ती खोटं बोलली."

"हो."

"आणि तुम्ही इथं बसून ऐकत होतात."

"हो."

ते खुर्चीत बसले. त्यांनी तिला एक शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी ती दिली नाही. "मी मालकाकडे कालच जाऊन आलो," ते म्हणाले. "संध्याकाळीच. इंडियाच्या बाईनं घोळ केला सांगितलं. त्याच्या आईनं नाव विचारलं, मी ते पण सांगितलं. मला काय, कोण सोलापूरची कावेरी. सोपं गेलं नाव घ्यायला." त्यांनी किल्ल्या टेबलावर टाकल्या. "माझं पण चुकलंच की. मी बघून सही केली असती तर? यल्ला, चला. नोकरीचं मागाहून बघू. आधी तिथं जाऊन बोलायचं, तुम्ही, तुमच्या तोंडानं."

साइटवर फरशी फोडायचं काम सुरू झालं होतं. धुळीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मालकाची आई बसली होती, काळा अबाया, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा, मुखवट्यासारखा सोनेरी बुरखा, हातात माळ. जुन्या पिढीतल्या इकडच्या बायका हिंदी बोलतात, बाजारात ऐकून शिकलेली. लियाकतभाई पुढे होऊन काही म्हणणार, तेवढ्यात तिनं हेमाकडे बोट केलं.

"ये कौन? कावेरी?"

"नहीं, अम्मा," हेमा म्हणाली. "मैं हेमा. कावेरी का गलती नहीं है. वो पूछा था मेरे को. मैंने गलत बोला. गलती पूरा मेरा है."

वर्षभर एच. पी., एच. पी. टाकताना तिला एकदाही इतका त्रास झाला नव्हता. म्हातारीनं लियाकतभाईंकडे बघितलं. ते मान खाली घालून उभे होते. तिनं पुन्हा हेमाकडे बघितलं, खूप वेळ, आणि हातातली माळ थांबली.

"कल शाम, मग़रिब का नमाज़ के बाद," ती म्हणाली, "मैं उसको बद्दुआ दिया. बहुत गुस्सा था. नाम लेके दिया, कावेरी, कावेरी. अभी तुम बोलो, वो वापस कैसे लेगा?"

फरशी फोडणारी माणसं थांबून बघत होती. हेमाला रडूही येईना. चूक आपली, आपल्यासाठी नकाशा काढणारी दुसरी, आणि शाप समुद्रापलीकडे सोलापुरात, कुकर लावणाऱ्या त्या दुसरीच्या डोक्यावर. मोडेम आणून ठेवलेल्या घरात.

"पूरा नाम बोलो उसका," म्हातारी म्हणाली.

"कावेरी," हेमा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं ते सावकाश, नीट म्हटलं. "कावेरी गुणवंत म्हेत्रे."

म्हातारीनं ते दोनदा म्हणून बघितलं. म्हेत्रे तिच्या जिभेला जमेना, तरी तिनं सोडलं नाही. मग माळ मांडीवर ठेवून तिनं दोन्ही हात वर उघडले, डोळे मिटले आणि अरबीत पुटपुटायला सुरुवात केली. लियाकतभाईंनीही हात उघडले. हेमा तिथंच, फोडलेल्या बाथरूमच्या मातीत उभी राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, मधून मधून येणारं कावेरीचं नाव तेवढं कळत होतं. सवयीनं ती आपलंही नाव येतंय का ते ऐकत राहिली. ते आलं नाही.